एकच पोर सांगितलं

आमचं मूळ गाव आत डोंगराकडं, पण बा मला घिऊन दिघीला आला आणि बंदरावर गोणी उचलाया लागला, त्याच्यामागं मी, शाळा म्हणाल तर दुसरी, तीबी अर्धी. मास्तर, तुम्ही लिवताय म्हणून बोलतो, न्हायतर चंद्री गेल्यापासून मी कोणाशी बोलत न्हाय.

चंद्री माझी बायको. तिची पहिली दोन पोरं पाळण्यातच गेली. शेजारणी म्हणाल्या, चंद्रे, कोणी विचारलं तर पोरं मोजून सांगू नगं, दृष्ट लागते. पुढं तीन जगली, दोन पोरगे आणि बारकी यमू, पण ती बाहेरच्याला तीन कधी म्हणायची न्हाय. म्हणायची, हाय एक, देवानं ठेवलेलं. आमच्यात समद्या बाया असंच बोलायच्या, त्याला कोणी खोटं म्हणत नसे.

स्वराज्य आलं तरी धान्याची टंचाई तशीच, मग सरकारनं ठरवलं, कार्डावर माणशी धान्य द्यायचं, स्वस्तात. गोष्ट चांगली, मी वाईट बोलणार न्हाय. कारकून घरोघर माणसं लिवत आला तवा मी बंदरावर. त्यानं विचारलं, बाई, पोरं किती? ही म्हणाली, एक. बाकीची दोन पेंढ्यामागं दडवली. त्यानं अंगठा घेतला आणि गेला.

कार्ड आलं त्यावर तीनच माणसं, म्हणून मी तालुक्याला कचेरीत गेलो. कारकून हसला, काय रे, ही दोन पोरं भरतीबरोबर वाहून आली काय? म्हटलं, सायेब, घरी येऊन बघा. तर म्हणाला, अर्ज दे, चौकशी होईल. मी कोणाकडनं तरी अर्ज लिवून घेतला, दिला, आणि वाट बघत बसलो.

तेवढ्यात पावसाळा लागला, बंदर बंद, मजुरी बंद. तिघांचं धान्य पाच तोंडांत. चंद्री आपला घास पोरांना द्यायची, मला म्हणायची, तुम्ही बसा, मी मघाशीच जेवले. ती जेवली न्हाय हे मला कळत व्हतं, आणि मी जेवत व्हतो. हेबी लिवा. श्रावणात यमूला हगवण लागली. अंगात काय ऱ्हायलंच नव्हतं, दोन दिवसांत गेली.

गणपती झाल्यावर चौकशीवाला आला. भला माणूस. म्हणाला, बाई, पोरं दाखवा. दोघं पोरगे उभे केले. तिसरी? चंद्री म्हणाली, मामाकडं गेलीय. तीन हायत मला, सायेब, तीन. जन्मात पहिल्यांदा तिनं तोंडानं आकडा सांगितला. मी खाली बघत ऱ्हायलो. त्यानं लिवलं, यमू, वय चार.

मग यमूचं धान्य घरात याया लागलं. काय सांगू तुम्हाला, ते आम्हीच खाल्लं, त्याच्यावर पोरगे वाढले. चंद्री शिजवायची, वाढायची, आणि पोरं जेवत असली की उठून अंगणात जायची. मी एकदा म्हटलं, नाव कापून येतो. तर म्हणाली, अवं, एकदा मीच कापलं तिचं, आता तुम्ही कापू नका.

आता पोरगे मुंबईला गिरणीत हायत, धडधाकट. चंद्री शिमग्याच्या आधी गेली. जाताना म्हणाली, त्यांनी कोणाचं खाल्लं ते त्यांना सांगू नका. मी सांगितलं न्हाय. पण तुम्ही हे छापाल, ते वाचतील. वाचू देत. त्यांच्या लेकरांना पोटभर मिळो, माझं दुसरं मागणं न्हाय.