देवीच्या खंजिराला मातीची मूठ

माझं माहेर शिंगणापूरच्या बाजूचं, कुंभाराचंच घर, आन तिकडं घरांना दारं नसत्यात, म्हून लगीन होऊन इकडं पाथर्डीच्या वरच्या अंगाला आले तवा कडी लावून निजायची सवय व्हायला मला वरीस गेलं. सासू हसायची, म्हनायची गंगू, कडी लावली म्हून मानूस गुदमरत न्हाई. लई तोंडाळ बाई, पर जीव लावायची. आमच्यात बाई चाकाला हात लावत न्हाई, चाक गड्याचं. बाईनं माती मळायची, त्यात लीद-राख मिसळायची, चुली थापायच्या, गाडगी भाजायचा आवा रचाया हातभार लावायचा. माझ्या हाताच्या चुली चार गावात जायच्या, बढाई न्हाई सांगत, पर जायच्या.

तर ते मोठ्या दुष्काळाचं साल. गावचं तळं तळापतुर आटलं, म्हाताऱ्यांनी बी कधी बघितलं नव्हतं असं. मदी काळी कुळकुळीत माती उघडी पडली, आन काय सांगू तुम्हाला, वर एवढं ऊन, तरी पायाला ती गार लागायची. आमी समदी दुष्काळी कामावर खडी फोडाया. तिथंच आमच्या मालकांची बोटं दगडाखाली चेंगरली. आन त्यातच देवीच्या खंजिराचं निघालं. आमच्या देवळात खंजीर हाय, जत्रंत पालखीच्या म्होरं धरत्यात, त्यानं कोहळा कापत्यात. त्याची लाकडाची मूठ वाळवीनं खाल्ली, नुसतं पातं ऱ्हायलं. दगडूआबा, देवीचा भगत, त्याच्या अंगात आलं आन देवी बोलली का लाकूड नगं, माझ्या तळ्याच्या मातीची मूठ करा, आव्यात भाजा. मातीची मूठ खंजिराला, कुनी ऐकलं हुतं का कधी? मालक म्हनले माझी बोटं ही अशी, तूच कर, ह्याला कुठं चाक लागतंय.

मग केली. आबाला अंगनात बसवलं, वल्या मातीचा गोळा त्याच्या उजव्या हातात दिला, म्हनलं आबा, आवळा. त्यानं डोळं झाकून आवळला, चार बोटांच्या चार खाचा उठल्या, आंगठ्याची येक. पात्याचं शेपूट आत जाया मदी काडी घालून भोक ठिवलं. आन इथं चुकले बघा. माती वाळताना आन भाजताना आंग चोरती, हे कुंभाराच्या लेकीला कुनी शिकवावं लागत न्हाई, पर गाडगं कुनाच्या हाताच्या मापाचं नसतंय, जरा ल्हान झालं तर झालं, म्हून वाढावा धरायचं माझ्या डोस्क्यातच आलं न्हाई. आन दुसरं, मी दिसभर खडीवर, तर माझी शेवंता, अकरा वर्साची, तिला सांगितलं का मूठ तडकू नये म्हून रोज वल्या फडक्यानं चोळत जा. ती चोळायची, खाचंत बोटं घालून घालून चोळायची. आवडायचं तिला ते.

मूठ वाळल्यावर आवा पेटवला, तिसऱ्या दिशी सकाळी उघडला. समदी गाडगी तांबडी आन ही येकलीच काळी. देवळात नेली, राळ तापवून पातं बशिवलं, आबानं हात घातला तर बोटं खाचंत बसंनात. दुसरा गडी आला, तिसरा आला, कुनाचाच हात बसंना. तवा आबाच्या तोंडातनं निघालं, देवीला पोरीचा हात पायजे. धा-बारा पोरी वळीनं बशिवल्या. शेवंतानं मूठ धरली. बोट न बोट बसलं तिचं. भर दुपार हुती, पातं चटका देत हुतं, आन पोरगी हसून म्हनती, आई, मूठ गार हाय.

आता जिचा हात बसला ती देवीची. तिचं लगीन न्हाई, घरसोसार न्हाई, जलमभर देवळाच्या पायरीला. मी वरडले, देवी-बिवी काय न्हाई, माझी चूक हाय, माती बारकी झाली. आबा म्हनला गंगू, कुंभाराची तू, तुला म्हाईत नव्हतं व्हय? माझा शानपना माझ्याच गळ्यात आला. आबा बी रडत हुता, पोर त्याच्या मांडीवर खेळल्याली.

मी पदर पसरला. म्हनलं येक डाव द्या, आबाच्याच हाताची दुसरी मूठ करते, ती ज्याला बसंल तो देवीचा. पंच हो म्हनले. आता खरं सांगते, मालकाला बी आजपतुर बोलले न्हाई. आबानं आवळल्याला गोळा मी घरी आनून मोडला, आन माझ्या सोताच्या हाताची मूठ केली, चांगला जवाभर वाढावा धरून. आबाला बसंल अशी करता आली असती, पर मग देवीची मागनी खोटी पडली असती आन राग पोरीवर निघाला असता. तुला बाईचाच हात पायजे ना, मग माझा घे, असं मनातल्या मनात म्हनत केली.

आवा उघडला तर मूठ उभी चिरल्याली, दोन फाकी. मी तिथंच बसले. मग पोरीला न्हाऊ घातलं, हिरवं नेसवलं आन देवळात नेलं, माझ्या ह्या हातांनी नेलं. आबानं ती पयलीच मूठ तिच्या हातात दिली, आन खंजीर खाली पडला. परत दिला, परत पडला. पोरीची बोटं खाचंत सैल हालत हुती. पडल्याला खंजीर म्या उचलला, देवीच्या पाया पडाया म्हून, तर खाचा आपसूक माझ्या बोटांखाली आल्या. ही माझी करंगळी बघा, ल्हानपनी मोडून वाकडी जोडलीया. त्या वाकड्या करंगळीची बी खाच हुती तिच्यात.

वाळताना माती आंग चोरती. भाजल्याली माती वाढत न्हाई हो, मी जलमभर हेच केलं.

तवापासनं मी देवीची, दर जत्रंला खंजीर मीच धरते. लेकराची आई म्हून देवळात ऱ्हायचं माफ झालं, पर खंजीर धरायच्या हातानं परत माती मळायची न्हाई असं ठरलं. चुली सुटल्या. कुनाच्या अंगनात माती भिजत असली का अजून हात शिवशिवत्यात, रडू येतं. पर शेवंताचं लगीन झालं, जामखेडला दिली, दोन लेकरं हायती, चांगलं हाय तिचं.

आता माझा हात वाळून काटकी झालाय. तर मूठ सैल लागाया पायजे का न्हाई? गेल्या तीन जत्रा ती घट्ट लागती. बोटं कोंबावी लागत्यात, कातडं सोलतं. लोकांना वाटतं म्हातारीची बोटं सुजली. शेवंताची धाकली नऊ वर्साची हाय, जत्रंला आजीकडं यायचा हट्ट धरती, आन मी दरसाली निरोप धाडते, आनू नगा. शेवंता रुसलीया, म्हनती आईला नात नगं झाली. नगं कशी हुईल बाबा, तिच्यासाठी तर जीव तुटतो. पर मी वाईट झाले ते बरं. जवर हाडं आत जात्यात तवर मी धरनार, म्होरचं मला म्हाईत न्हाई. तुमाला लेक हाय म्हनलात ना, देव तिला लई आयुष्य देवो. तुमी आमच्या जत्रंला या, जरूर या, पर येकलंच या.