पेटलेलं गाठोडं

शाळा सोडल्यापासून आमचे काकाजी मला अडाणी म्हणतात ना? मग त्यांचं शहाणपण ऐका. विलायतेला आपला कापूस हवासा झाल्यापासून अमरावतीच्या बाजारात गाड्यांची रांग लागते, आणि कारकून पाहून जाईपर्यंत कापसाच्या गाठोड्याला हात लावायचा नाही, असा गोऱ्या साहेबाचा हुकूम. त्या दिवशी रांगेत काकाजींच्याच चिलमीची ठिणगी आमच्या गाडीत पडली.

"काकाजी, धूर निघून राहिला!"

"थांब. कारकुनाले विचारून येतो."

इथं वर्षाची मेहनत जळत होती! मी पेटलेलं गाठोडं ओढून खाली टाकलं आणि मातीनं दाबलं.

कारकून आला. "परवानगी घेतली होती?"

"आगीनं घेतली होती काय?"

कारकून गंभीर झाला. "तेही साहेबांना विचारावं लागेल."

काकाजींनी हात जोडले. "विचाराच, रावसाहेब."