तिसऱ्या मजल्यावरचीचं वाक्य

...आणि वर सगळे मलाच म्हणतात, "तुला कळत नव्हतं का?" अहो, गृहपाठ होता हो! मी काय हौसेने कान लावून बसले होते?

तुम्हाला सांगते, आमच्या तुर्कीत क्रियापदाला एक शेपूट लावलं की झालं, 'हे मी पाहिलेलं नाही, लोक म्हणतात' असा अर्थ होतो. म्हणजे बोलणारा नामानिराळा! मुझय्यन बाईंनी सांगितलं, "असं झालं असतं तर म्हणे तसं झालं असतं, अशी पाच वाक्यं घरात ऐकून आणा. मनाने रचायची नाहीत." बाकीच्यांनी रचलीच. मी मात्र... प्रामाणिक!

त्यात बुधवारी आमच्याकडे आईच्या मैत्रिणींचा चहा. मी ट्रे फिरवतेय, ट्रेखाली वही. हालिदे मावशी म्हणाली, "तिसऱ्या मजल्यावरचीचं कळलं का गं?" आणि आई, माझी सख्खी आई, बोरेकचा तुकडा तोंडात ठेवून म्हणाली, "तिने भात भरलेली द्राक्षाची पानं करंगळीएवढी बारीक वळली असती ना, तर म्हणे नवरा सोडून गेलाच नसता!"

काय वाक्य! अट आहे, शेपूट आहे, सगळं जागच्या जागी! मी स्वयंपाकघरात धावत जाऊन उतरवून घेतलं. तिसऱ्या मजल्यावर कोण राहतं हे मला माहीत नव्हतं? होतं हो, रोज जिन्यात भेटतात! पण माझं सगळं लक्ष त्या शेपटाकडे... गृहपाठ होता हो!

दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "वाच बाळ, तू कधी बोलत नाहीस." आख्ख्या शाळेत माझ्या वह्या मनापासून वाचणारं एकच माणूस, त्या. मी उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा खणखणीत आवाजात वाचलं. नवऱ्यासकट!

 मग आमच्याच इमारतीतला तुर्गाय म्हणतो, "पण बाई, तिसऱ्या मजल्यावर तर तुम्हीच..."

कान असे पेटले, सांगते! जमीन दुभंगावी म्हणून मी फरशीकडे पाहत राहिले. फरशी ढिम्म! बाईंनी खडू खाली ठेवला. बोटं पुसली. एकेक बोट... मग म्हणाल्या, "वाक्य अचूक आहे. दहापैकी दहा. फक्त माहिती दुरुस्त करून घे. तो मला सोडून गेला नाही, मी त्याला सोडून आले. आणि हे 'म्हणे' नाही, मी स्वतः पाहिलंय."

मला 'माफ करा' म्हणायचं होतं. तोंडातून काय निघालं? "हो बाई, दुरुस्त करते." आणि मी खरंच खोडलं हो, त्यांच्यासमोर, पट्टी लावून! बाई वळल्या, फळा पुसायला लागल्या. फळा कोराच होता.

घरी आईने विचारलं, "किती?" म्हटलं, "दहा." कशावर, ते सांगायला जीभच उचलेना. आई हरखली. "अगं बाई! हालिदे, ऐकलंस का?" असं सोफ्यावर बसलेल्या मावशीला म्हणत तशीच बाईंचे आभार मानायला तिसऱ्या मजल्यावर गेली. पाच मिनिटांनी धापा टाकत परत. "बुधवारी तुझ्या बाईंना चहाला बोलावलंय. तू सगळ्यांसमोर वाचून दाखवायचंस! बाई इतक्या गोड हसल्या, म्हणाल्या, 'नक्की येईन. दुरुस्त केलेलं वाचायला सांगा.'"

आज मंगळवार आहे. मी ट्रे पुसून ठेवलाय.