कडेच्या प्याद्याची दोन प्रश्नचिन्हं

— नाही नाही, पान बरोबर आहे, नववी फेरी, अठरावी चाल, हीच ती. कडेचं प्यादं दोन घरं पुढे, आणि त्यापुढे दोन प्रश्नचिन्हं. म्हणजे घोडचूक. उत्तम चाल असती तर उद्गारचिन्हं असती, एवढं प्रूफं तपासणाऱ्याला कळतं हो, मला बुद्धिबळातलं फार कळत नसलं तरी — म्हणजे कळतं थोडं, रोज संध्याकाळी खेळतो मी सासऱ्यांशी. बसा ना, मालक येतीलच. छापखान्याची चूक म्हणताय? यंत्राला काय, दिलं ते छापतं. टिपा लिहिणाऱ्यांनीच तसं लिहिलं असेल. — मूळ हस्तलिखित आहे तुमच्याकडे? बरोबर आणलंत? अच्छा. बघू. हं. उद्गारचिन्हं. दोन.

आता तुम्ही सज्जन दिसता म्हणून सांगतो. सासरे आमच्याकडेच असतात, स्वभावाने लाख माणूस, पण पहिल्याच चालीला कडेचं प्यादं सरकवतात. रोज. आणि रोज हरतात. हरावं ना गप्प? नाही, वर मला ऐकवणार, जावईबापू, मोठमोठे खेळाडू हेच करतात, तुमची तेवढी झेप नाही. बारा वर्षं ऐकलं मी. डाव मी जिंकायचो आणि वाद ते. आणि एक दिवस टेबलावर हे पुस्तक येतं, एवढ्या मोठ्या स्पर्धेचे सगळे डाव टिपांसकट, आणि त्यात विजेत्याने सरकवलंय तेच प्यादं, नि खाली टीप — या एका चालीने सगळा डाव उभा राहिला. हे घरी गेलं तर सासरे ते पान चौकटीत लावून भिंतीवर टांगणार, बायको खिळा शोधून देणार. मग काय — पेन हातातच होतं. चिन्हं बदलली. ‘उभा राहिला’चं ‘आडवा झाला’ केलं. डाव तो विजेता जिंकला होता, ते काही मला बदलता येईना.

पुस्तक छापून झालं, एक प्रत घरी आली, सासऱ्यांनी वाचली. दोन दिवस पट काढला नाही, जेवणही अर्धंच. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू — पण आतून बरंही वाटलं. तिसऱ्या दिवशी पट मांडला आणि प्यादं सरकवलंच नाही. घोडा काढला. मला हरवलं. चौथ्या दिवशी हरवलं. आज सतरा दिवस झाले, मला एक डाव मिळालेला नाही. त्यांचं एवढंच एक खूळ होतं हो, ते मीच काढून टाकलं. आता बायको खुर्ची ओढून बघायला बसते, कधी नव्हे ती.

तुम्ही हसताय का? — थांबा. पुस्तकात पुढे फोटो आहे, मिशा असलेला… मिशा काढल्यात तुम्ही. अरे देवा. म्हणजे ती चाल तुमची.

हात जोडतो. शुद्धिपत्र काढू, मी स्वतः प्रत्येक प्रतीत चिकटवीन. फक्त आमच्या घरच्या प्रतीचं काय करायचं ते सांगा. चिकटवलं तर सासरे पुन्हा प्यादं सरकवतील, मी जिंकीन, पण मरेपर्यंत ऐकावं लागेल. नाही चिकटवलं तर रोज मार खायचा, तोही बायकोसमोर. — मी खरं सांगू? काय, तुम्हीच सांगणार? त्यांना? पटासमोर बसून? आत्ता?

ते घरीच आहेत. समोरचा रस्ता ओलांडा, दुसरा मजला, हिरवं दार. मालकांना मी सांगतो काय ते. जा तुम्ही — आणि काळी मोहरी घ्या. पांढरी ते कुणालाच देत नाहीत.