उजव्या हातावरचं दही

मंडळाचे अध्यक्ष माननीय शशिकांत नाडकर्णी, आजचे सत्कारमूर्ती श्री. फेर्मीन लासार्ते, व्यासपीठावरचे मान्यवर, कॉव्हेंट्रीकर मंडळी, बर्मिंगहॅमहून आलेले पाहुणे आणि बेसिंगस्टोकहून पहाटेच्या ट्रेनने आलेलं माझं माहेर, सर्वांना नमस्कार.

अध्यक्ष मला म्हणाले, वैजयंतीबाई, फेर्मीनच्या कारकिर्दीवर तुम्ही बोला. मी म्हटलं, अहो, फुटबॉलवर बोलायला निम्मा हॉल टपून बसलाय. तर म्हणाले, म्हणूनच. त्यांच्यातल्या एकाला माइक दिला तर बाकीचे जेवायला थांबणार नाहीत.

आमची मीनल फेर्मीनच्या शेजारी बसून त्यांना माझं बोलणं इंग्रजीत सांगणार आहे. तिने मला आधीच बजावलंय, "मावशी, हळू बोला हं, नाहीतर माझा सगळा गोंधळ होईल." तेव्हा हळू बोलते.

शाळा माझी सातवीत सुटली. इंग्रजी मी इथे आल्यावर लायब्ररीत, पेपरच्या मागच्या पानावरून शिकले. पुढच्या पानावरचे शब्द फार अवघड असत. मागच्या पानावर निदान कोण हरलं ते फोटोवरून कळायचं. तिथेच मी हे नाव पहिल्यांदा वाचलं.

फेर्मीन स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यातले. वडील मासेमारीच्या बोटीवर. मुलगा डावखुऱ्या पायाचा फॉरवर्ड. आधी गावच्या क्लबात, मग तिथल्या पहिल्या डिव्हिजनमध्ये. एका सीझनमध्ये त्यांच्या टीमचे सर्वांत जास्त गोल त्यांचे होते. एकदा देशाच्या संघातही निवड झाली, पण सारा वेळ बाकावर गेला. शर्ट न मळता घरी परत आला, असं ते स्वतःच सांगतात. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मोठे क्लब तोंड फिरवू लागले, आणि पंच्याऐंशी साली ते इथल्या एका लहान क्लबात आले. लोक विचारत, हा स्पॅनिश माणूस या थंडीत टिकेल का? आपल्यापैकी कुणाला हा प्रश्न कधी कुणी विचारला नव्हता?

क्लबाने त्यांना घर दिलं ते नेमकं आमच्या शेजारी. पहिल्या मॅचला ते निघाले तेव्हा आमचे डॉक्टर, म्हणजे माझे यजमान डॉक्टर पद्माकर, बागेच्या फाटकाशी उभे होते. हाडांचे डॉक्टर ते. मला म्हणाले, अगं, परक्या मुलखात पहिल्यांदा कामाला चाललाय, हातावर दही-साखर ठेव. दही आमच्याकडे एअरिंग कपबोर्डमध्ये, गरम पाण्याच्या टाकीशेजारी लागतं. ते तयार होतंच. फेर्मीननी डावा हात पुढे केला. डॉक्टर म्हणाले, उजवा. फेर्मीन म्हणाले, माझी डावी बाजू चांगली आहे. डॉक्टर हसून म्हणाले, ती गोल करायला ठेवा.

त्या दिवशी त्यांनी गोल केला. झालं. फुटबॉलवाले आपल्यापेक्षा जास्त शकुन मानतात हे मला तेव्हा कळलं. घरच्या मैदानावर मॅच असली की शनिवारी आमची बेल वाजायचीच. गोल होवो न होवो, दही चुकलं नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात डॉक्टर गेले. हार्टअटॅक. खांदा द्यायला फेर्मीन होते, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिलंय.

तेरावं झालं आणि त्यानंतरच्या शनिवारी बेल वाजली. दारात फेर्मीन, खांद्याला बॅग, हात पुढे. घरात आपल्या मंडळातल्या सुहासिनीताई होत्या. आज त्या पहिल्या रांगेत बसल्यात आणि त्यांची परवानगी घेऊनच मी हे सांगते आहे. त्या तेरा दिवसांत त्यांनी माझं घर सांभाळलं, मला चार घास भरवले. मी वाटी घेतली तेव्हा त्यांनी हलकेच माझं मनगट धरलं. म्हणाल्या, "वैजू, आज नको गं. शुभ कामाला चाललाय तो. तुझ्या हातून नको. मी देते."

फेर्मीनना मराठी येत नाही. पण त्यांनी मूठ मिटली. इंग्रजीत म्हणाले, थँक यू, पण यांच्याच हातचं. मग मी दिलं.

त्याच दुपारी मैदानात त्यांचा गुडघा गेला. कुणाचा धक्का नाही, काही नाही. नुसते वळले आणि खाली बसले. पुन्हा कधी खेळले नाहीत.

मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं. मी चार पुस्तकं वाचलेली बाई आहे, असलं काही मी मानत नाही. तरी भांडी घासताना मी माझ्या हाताकडे बघायची.

पुढच्या मॅचच्या शनिवारी बेल वाजली. फेर्मीन कुबड्यांवर. हात पुढे, आणि डावाच, कारण उजव्या कुबडीवर भार होता. मी म्हटलं, आज तुम्हाला कुठे मॅच आहे?

म्हणाले, "मॅच नाही. दही आहे ना?"

मग आत येऊन बसले आणि त्यांनी मला जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. ते इथे आले त्याच वर्षी डॉक्टरांनी आमच्याच सोफ्यावर त्यांचा गुडघा तपासला होता आणि सांगितलं होतं, हा संपलाय, खेळ सोडा. फेर्मीननी ऐकलं नाही. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, बरं, मग जेवढं मिळेल ते वरचं समजा आणि आनंदाने खेळा. पेशंटची गोष्ट म्हणून डॉक्टर घरी एक अक्षर बोलले नव्हते. फेर्मीन म्हणाले, मिसेस डॉक्टर, हा गुडघा तुमच्या दह्याने गेला नाही. इतकी वर्षं कशाने टिकला, ते मात्र मला माहीत नाही.

गेलेल्या माणसाबद्दल आता नवीन काही कळणार नाही, अशी मनाची तयारी झालेली असते. आणि मग कुणीतरी येऊन त्याचं एक वाक्य हातात देतं. ते वाक्य या माणसाने मला दिलं. माझा हातही यांनीच मला परत दिला. त्यांचे गोल तुम्ही पेपरात वाचा. माझ्या लेखी त्यांची कारकीर्द ही आहे.

त्यानंतर ते इथल्या पोरांना खेळ शिकवत राहिले, आणि शनिवारची बेल चालू राहिली. उद्या सकाळी ते विमानात बसतील. गावी जाऊन कोळ्यांच्या पोरांना शिकवणार आहेत.

आपल्या रिवाजाप्रमाणे निघणाऱ्याच्या हातावर दही-साखर ठेवायची आहे. अध्यक्षांनी विचारलं, कोण ठेवणार? उत्तर सुहासिनीताईंनी दिलं. आजचं दही त्यांच्या घरी लागलंय. सकाळी वाटी माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "साखर तू घाल. मला तुझ्याएवढं प्रमाण जमत नाही."

ताई, तुमचे आभार. मंडळाचे, अध्यक्षांचे, मीनलचे आभार. बाईमाणसाने फुटबॉलवर बोलताना काही उणंअधिक झालं असेल, तर आपलीच म्हणून पदरात घ्या.

फेर्मीन, हात पुढे करा. नाही, उजवा.