सेमलखेडीच्या एकशे बारा जणी

मंगळवार, ९ जानेवारी १९९६, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. आधी ही वेळ ऐकून घ्या, मग माझा नमस्कार घ्या.

मराठी समाजाचे आदरणीय अध्यक्ष श्रीनाथराव, मंचावरील पाहुणेमंडळी, मला मावशी म्हणणारे कार्यवाह चिरंजीव आल्हाद आणि एवढ्या थंडीत माधव नगर, फ्रीगंजहून आलेल्या बंधुभगिनींनो,

निवृत्तीबद्दल आपण माझा सत्कार केलात. शाल मी ठेवणार आहे; थंडी खरी आहे. पण प्रत्येक वक्ता म्हणाला, ‘उषाताईंनी सेमलखेडीचा इतिहास लिहिला.’ लिहिला होता. आता तो अर्धा उरलाय.

एकतीस वर्षं मी त्या गावात शिकवलं. गाव केवढं? साठ घरं, एक विहीर, एक शाळा. विहीर कुणी खणली, दुष्काळात कोण कुठून आलं, सगळं विचारून वहीत उतरवलं. पुरुषांची नावं सोपी, पटवारीच्या कागदांत होतीच. बायकांची कुठे असणार? माळव्याची रीत आपल्याला ठाऊक आहे. सून आली की तिला माहेरच्या गावावरून हाक मारायची. तरानावाली, घट्टियावाली. माहेरी आई गेली की त्या सुनेचं खरं नाव घेणारं कोणी उरत नाही. मी दारोदार फिरले. एक म्हातारी हसत सुटली, “नाम को कंई करोगा, बेनजी? म्हारे कुण चिट्ठी लिखेगा?” दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात येऊन हळूच म्हणाली, “गेंदा. झट लिखी लो, फेर भूली जाऊँगी.”

अशी एकशे बारा नावं. अकरा पानं.

गेल्या वर्षी जमीन कारखान्याला गेली, गाव उठलं. कोणी इथे शहरात, नानाखेड्यात खोली घेतली, बाकीचे कुठे गेले मलाही ठाऊक नाही. गेंदा त्याआधीच वारली होती.

वही मी समाजाच्या स्मरणिकेत छापायला आल्हादकडे दिली. एकच प्रत होती, ही माझी चूक. त्या मंगळवारी, अकरा वीसला, छापखान्यात त्यानं ती परत केली. मधली नावांची पानं फाडलेली.

“अगं मावशी, नुसती यादी होती ती. वाचणार कोण? त्या जागी वॉशिंग मशीनची जाहिरात मिळाली, पूर्ण पान!”

“पानं कुठे आहेत?”

“असतील ना इथेच कुठे तरी. तू टेन्शन नको घेऊस.”

आल्हाद, तू वाईट मुलगा नाहीस. पण मी शिकले त्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर म्हणायच्या, गोड स्वभाव ही निष्काळजीपणाची सबब होत नाही.

बारा दिवस मी आठवून लिहिते आहे. केसर, सोरम, रामकुंवर... एक्केचाळीस झाली. पुढे सरकत नाही. घरात मी एकटी, विचारू कुणाला? आणि आता बोलतेच आहे तर सांगते, त्या बायकांखेरीज माझं म्हणावं असं कोणी नव्हतं.

आपण बोलावलंत, शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. कुणाला लागलं असेल तर वयाकडे पाहून पोटात घाला. आता एक तारीख देते, ती मात्र पुढे ढकलायला सांगू नका. कार्यवाहांनी छापखान्याची रद्दी स्वतः उपसावी आणि पानं आहेत की नाहीत, ते बुधवार, ३१ जानेवारी, संध्याकाळी पाचच्या आत मला सहीनिशी लेखी कळवावं. नसतील तर ‘नाहीत’ असं स्वच्छ लिहा. एकाहत्तर जणींचं सुतक मला एकटीला धरायचं आहे. ते कुठल्या दिवसापासून, एवढं तरी कळायला हवं.