रोजचं अर्धा लिटर ऑइल

— सकाळी नऊ चाळीस, चाचणीचा रस्ता, तिसरं वळण, ऊन स्वच्छ, डांबर कोरडं — एवढं सगळं बरोबर लिहिलंय तुम्ही, चौकशीसाहेब, मग त्याच्याखाली ‘चालकाची चूक’ कुठून उगवली? बसा, त्या स्टुलावर बसा, ग्रीस लागलं तर लागू दे, पँट धुता येते. माझी सही हवी ना? करतो की. पण चौदा वर्षं शर्यतीच्या गाड्या चालवून तपासणारा माणूस कोरड्या वळणावर — नाही, माझा जावई आहे म्हणून नाही म्हणत! जावई म्हणून अर्कच आहे तो, माझ्याशी धड बोलत नाही. पण गाडीवरचा हात? तोड नाही. इंजिन जाम झालं, मागची चाकं आवळली, गाडी भिंतीवर. दोन्ही पाय प्लास्टरमध्ये त्याचे, आणि चूकही त्याचीच. वा! चोर सोडून संन्याशाला फाशी.

नवं इंजिन म्हणे! जुनं रेड्यासारखं होतं, पण जिवाला जीव देणारं. कंपनीनं ते सडपातळ केलं — वजन कमी, खालचं ऑइलचं चेंबर निम्मं — आणि जाहिरात काय? दहा वर्षं बॉनेट उघडू नका! अहो, दहा वर्षांची हमी लग्नाचीसुद्धा कोणी देत नाही. का, तर संगणक म्हणाला, शंभरातली नव्याण्णव टिकतील. संगणकाला काय, भरवाल ते ओकणार. आठशे तासांच्या चाचणीत इंजिन ऑइल किती प्यायलं? शून्य. कागदावर शून्य. मग चेंबर लहान केलं तर बिघडलं कुठं? आता शून्य कसं आलं — कसं म्हणजे, पीत नव्हतं म्हणून — म्हणजे पीत नव्हतं असं नाही, थोडंफार कुठलं इंजिन पीत नाही? ते चष्मेवाले इंजिनियर साडेनवाला यायचे ऑइल मोजायची पट्टी बघायला. मी साडेआठला. आमच्यात रीतच आहे तशी, उस्तादानं शिकवलेली — परक्यानं बॉनेट उघडायच्या आधी पट्टी पुसायची, ऑइल वरच्या खुणेला आणून ठेवायचं. पाहुणे यायच्या आधी आपण घर झाडतो ना, तसं. ह्या हातांनी जोडलेलं इंजिन, ते चारचौघांत उणं दिसलं तर लाज कोणाची? रोज अर्धा लिटर. फार तर पाऊण. त्यात काय एवढं —

ते लिहू नका. — नाही, लिहा! लिहा म्हणतोय ना! रोज मी ओतत होतो, आणि कोणी विचारलं नाही, कारण चाचणीच्या नव्या तक्त्यात ‘वरून घातलेलं ऑइल’ हा रकानाच नव्हता. जुन्या तक्त्यात होता, मी स्वतः भरलाय. जावयाच्या गाडीत रोज ओतायला कोणी नव्हतं, ते निम्मं चेंबर कोरडं पडलं, आणि इंजिन जाम. हां, आता घाला पेनाला टोपण! मघाशी बरं भराभरा चालत होतं. जावयाच्या नावाखाली तीन ओळी, आणि माझ्या नावाखाली एक नाही? का, माझं लिहिलं की तो रकाना काढणाऱ्याचंही लिहावं लागतं? तिकडं मुलगी त्याच्या उशाशी बसलीये, तिला काय सांगू — तुझ्या बापाची शान राखायला तुझा नवरा मोडला?

सही नाही करणार. उचला तो फॉर्म, निघा. आणि एक — ह्याच इंजिनाच्या चारशे बारा गाड्या गेल्या महिन्यात विकल्या गेल्या. आज त्या रस्त्यावर आहेत. एकाही मालकाला अजून ‘गाडी परत आणा’ म्हणून पत्र गेलेलं नाही.